लग्नानंतर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचे नाव बदलावे का, आणि बदलायचे तर कसे?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे माहेर वेंगुर्ल्याचे आणि सासर देवगड तालुक्यातले आहे. लग्न गेल्या मे महिन्यात झाले. फेसबुकवर माहेरच्या नावाचे त्यांचे खाते बारा वर्षांपासून आहे. इन्स्टाग्रामवर त्या कोकम आगळ, आंबापोळी आणि हंगामात आंब्याच्या पेट्या विकतात. तेथे सुमारे चार हजार फॉलोअर आहेत आणि युजरनेममध्ये माहेरचे आडनाव आहे. फेसबुकवर पुढे ‘सौ.’ लावून आणि माहेरचे आडनाव कंसात टाकून त्यांनी नाव भरले, ते नाकारले गेले. दुसऱ्या वेळी, २० जूनला, नाव स्वीकारले गेले. पण घाईत सासरच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग चुकले आणि आता ते बदलता येत नाही. ही चूक कशी निस्तरायची, इन्स्टाग्रामचेही नाव बदलावे का, बदलल्यास फॉलोअर जातील का, आणि या सगळ्यासाठी राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) नाव छापून आणावे लागते का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी सिंधुदुर्गात सतरा वर्षे सेवा केंद्र चालवतो. दाखले आणि अर्ज हे मुख्य काम. त्याच टेबलावर गेली दहाएक वर्षे लोकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती दुरुस्त करण्याचे कामही येऊन बसले आहे. लग्नसराई आटोपली की जूनमध्ये नाव बदलण्याची गर्दी होते, आणि त्यातली निम्मी मंडळी आधी स्वतः बदलून, मग अडकून येतात. गोंधळाचे कारण बहुतेक वेळा एकच असते. खात्यावरचे ‘नाव’ ही एकच गोष्ट आहे असे धरून आपण चालतो, पण प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळी नावे असतात. वर ठळक दिसते ते दिसणारे नाव. दुसरे युजरनेम, म्हणजे खात्याचा पत्ता. आणि तिसरे कागदपत्रांवरचे नाव, जे खात्यावर कोठेच दिसत नाही, पण खाते अडकले किंवा पैशाचा व्यवहार आला की हटकून पुढे येते. यांपैकी कोणते बदलायचे हे ठरवण्याआधी तुम्हाला कोण शोधते आणि कोणत्या नावाने शोधते, हे स्वतःला विचारावे. तुमच्या बाबतीत फेसबुकवर शोधणारी माणसे वेगळी आहेत आणि इन्स्टाग्रामवर शोधणारी वेगळी, म्हणून दोन्हीकडचे उत्तरही वेगळे येणार आहे.

राजपत्राचा प्रश्न आधी संपवतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर नाव बदलण्यासाठी राजपत्र लागत नाही. तुमचे मित्र रोजच्या व्यवहारात तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव वापरावे, एवढीच फेसबुकची अपेक्षा आहे. २०१४ साली अमेरिकेत टोपणनावाने वावरणाऱ्या कलाकारांची खाती बंद झाली तेव्हा मोठा वाद झाला, कंपनीला त्या ऑक्टोबरमध्ये माफी मागावी लागली आणि कायदेशीर नावाचीच सक्ती नाही हेही तेव्हा स्पष्ट करण्यात आले. आपल्याकडे मात्र ‘आधारवर आहे तेच नाव घालावे लागते’ हा समज अजून पक्का आहे. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने भारतात काही नव्या वापरकर्त्यांना खाते उघडताना आधारप्रमाणे नाव लिहिण्याची सूचना प्रयोग म्हणून दाखवली होती, तिचाही त्यात हात असावा. तो प्रयोग थोड्याच काळात बंद झाला, समज राहिला. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदाही नाही. ज्यांना ते आधारवर बदलायचे आहे त्यांना विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरते. फक्त आधारवर नावातील बदल आयुष्यात दोनदाच करता येतो हे ध्यानात असू द्या आणि तेथे स्पेलिंगची चूक अजिबात करू नका. राजपत्र लागते ते स्वतःचे नाव मुळापासून बदलणाऱ्याला. त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तुमचा तो विषय नाही.

आता फेसबुक. तुमचे पहिले नाव का नाकारले गेले, याची दोन कारणे तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहेत. नावाच्या रकान्यात पदव्या आणि उपाध्या चालत नाहीत, आणि ‘सौ.’ त्यातच जाते. ‘डॉ.’, ‘ॲड.’, ‘ह.भ.प.’ यांचीही तीच गत होते. आमच्याकडचे एक कीर्तनकार बुवा या ‘ह.भ.प.’पायी तीन वेळा परत आले होते. दुसरे कारण कंस. चिन्हे, आकडे, विनाकारण दिलेली विरामचिन्हे हे काही त्या रकान्यात बसत नाही. तिसरी एक अडचण तुम्हाला आली नाही, पण आपल्याकडे ती वारंवार येते: अर्धे नाव देवनागरीत आणि अर्धे रोमन अक्षरांत लिहिलेले असते. मोबाइलचा कीबोर्ड मध्येच भाषा बदलतो आणि ते ध्यानात येत नाही. एका नावात दोन लिप्यांची मिसळ फेसबुक मान्य करत नाही.

गंमत अशी की तुम्हाला कंसात जे लिहायचे होते त्यासाठी फेसबुकने वेगळी जागा ठेवलेली आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. प्रोफाइलमधील स्वतःविषयीच्या माहितीत ‘इतर नावे’ असा भाग असतो. तेथे माहेरचे नाव, टोपणनाव, वेगळे स्पेलिंग, पूर्वीचे नाव, इतकेच काय उपाधीसह नावसुद्धा देता येते. ते मुख्य नावाच्या शेजारी वर दाखवायचे की नाही, हेही ठरवता येते. ही नावे सर्वांना दिसतात आणि शोधताना उपयोगी पडतात. वेंगुर्ल्याच्या शाळेतली तुमची मैत्रीण तुम्हाला सासरच्या आडनावाने शोधणार नाही, तिला ते ठाऊकही नसेल. माहेरचे पूर्ण नाव या जागी लिहिले की ती तुमच्यापर्यंत पोहोचते. देवनागरीतले नावही तेथेच द्यावे. मुंबईला असलेली चाकरमानी मंडळी बहुधा रोमन अक्षरांत शोधतात, गावातली वडीलधारी माणसे माइकचे बटण दाबून मराठीत बोलतात, आणि एका लिपीत लिहिलेले नाव दुसऱ्या लिपीत शोधल्यावर सापडेलच याची खात्री धरता येत नाही.

मधल्या नावाच्या रकान्याचाही विचार करा. नाव, मधले नाव, आडनाव ही फेसबुकची तीन घरे आपल्या मराठी पद्धतीला चपखल बसतात, म्हणून आपण मधल्या घरात न विचारता वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव घालतो. तसे घातलेच पाहिजे असे काही नाही. अनेक जणी तेथे माहेरचे आडनाव ठेवतात आणि शेवटी सासरचे. दोन्हीकडच्या माणसांना ओळख पटते आणि कंसाची गरज उरत नाही. (१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्रात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी चार भागांत लिहिली जातात. फेसबुकवर खाते उघडायला तेरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे चार नावे तीन घरांत कशी बसवायची हा प्रश्न माझ्या टेबलावर २०३७ साली येईल. तोवर टेबल चालवणारा दुसरा कोणी असेल.)

चुकलेले स्पेलिंग आता का बदलता येत नाही म्हणाल, तर त्यामागे साठ दिवसांचा नियम आहे आणि तो पक्का आहे. फेसबुकवर नाव एकदा बदलले की पुढचे साठ दिवस पुन्हा बदलता येत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहितात तेव्हा अक्षर चुकले तर हात फिरवून पुन्हा लिहिता येते. येथे ती सोय नाही. तुम्ही २० जूनला बदल केला असल्यामुळे तुमची मुदत १९ ऑगस्टला पुरी होते. तोपर्यंत बरोबर स्पेलिंगचे नाव ‘इतर नावे’मध्ये वेगळे स्पेलिंग म्हणून घालून ठेवा आणि ते वर दाखवण्याची खूण करा, म्हणजे चुकीच्या नावाशेजारी बरोबर नाव दिसत राहील. या काळात वैतागून दुसरे खाते मात्र उघडू नका. एका माणसाची दोन खाती हे फेसबुकच्या नियमात बसत नाही, आणि बारा वर्षांचे फोटो एका खात्यात व नवी माणसे दुसऱ्यात अशी फाटाफूट झाली की ती पुन्हा सांधता येत नाही. वेगळ्या ओळखीची खरीच गरज असेल तर सप्टेंबर २०२३ पासून एकाच खात्याखाली आणखी चार प्रोफाइल करण्याची सोय आहे. पण तुमच्या अडचणीवर ते औषध नव्हे.

स्पेलिंगच्या विषयावर थोडे थांबतो, कारण निम्मी दुखणी तेथे आहेत. तुम्ही ‘व’साठी ‘व्ही’ लिहिले आणि नवऱ्याच्या आधारवर ‘डब्ल्यू’ आहे, असे तुमच्या मजकुरावरून दिसते. ‘सावंत’ हे आडनाव घ्या. आमच्या भागात ते दोन्ही प्रकारे लिहिले जाते, कधी एकाच घरात दोन प्रकारे लिहिले जाते, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक आणि मोबाइल असे चार जिन्नस काढून ओळीने मांडले. चारही ठिकाणी आडनाव वेगवेगळे लिहिलेले होते, त्यातल्या एका ठिकाणी शेवटचे अक्षर गाळलेले. त्यांनी चारही कागदांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “ह्यातला माझा खंयचा?” त्यांच्या नातवाने फेसबुकवर पाचवेच स्पेलिंग केले होते.

माझा सल्ला असा की कागदपत्रांवर जे स्पेलिंग बहुसंख्येने आहे तेच खात्यावर घ्यावे, मग ते कानाला कसेही लागो. एरवी फेसबुक तुमच्याकडे ओळखपत्र मागत नाही. पण खाते चोरीला गेले, कोणी बनावट म्हणून तक्रार केली किंवा नावाविषयी शंका आली, तर मागू शकते, आणि तेव्हा कागदावरचे नाव व खात्यावरचे नाव जुळावे लागते. लग्नामुळे नाव बदललेल्यांचे विवाह प्रमाणपत्रही अशा वेळी चालते. ओळखपत्राचा फोटो पाठवताना त्यावरचा क्रमांक आणि पत्ता झाकून पाठवता येतो. आधार द्यायचेच असेल तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार काढून घ्या.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट सांगतो, जी सहसा कोणी सांगत नाही. ‘गोऱ्हे’ यासारख्या आडनावातला अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारांनी उमटवता येतो. काही कीबोर्ड नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ वापरतात, तर काही साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. अशा आडनावाचा माणूस ‘माझ्या नावाने मीच सापडत नाही’ असे सांगत आला तर मी प्रथम हे तपासतो. ‘इतर नावे’मध्ये दोन्ही प्रकार घालून ठेवले की काम होते.

इन्स्टाग्रामकडे वळू. येथे माझे मत स्पष्ट आहे: युजरनेम बदलू नका. तुमच्या गिऱ्हाइकांनी आगळाची बाटली घेतली ती तुमच्या माहेरच्या आडनावावर विश्वास ठेवून. ते आडनाव आता तुमच्या धंद्याचे नाव झाले आहे आणि लग्नाने धंद्याचे नाव बदलत नाही. दिसणारे नाव मात्र खुशाल बदला. इन्स्टाग्रामवर ते चौदा दिवसांत दोनदा बदलता येते, देवनागरीत लिहिता येते, आणि शोधताना तेही पाहिले जाते. त्यात स्वतःचे नाव आणि ‘कोकम, आंबापोळी, देवगड’ असे दोन-तीन शब्द घातले तर पुण्या-मुंबईचे नवे गिऱ्हाईकसुद्धा त्या शब्दांवरून येऊ शकते.

फॉलोअर जातील का, तर नाही. दिसणारे नाव बदला किंवा युजरनेम, फॉलोअर, फोटो आणि जुने संदेश जागच्या जागी राहतात. तुटतो तो पत्ता. युजरनेम बदलले की जुनी लिंक उघडत नाही, त्या लिंकवरून छापलेला क्यूआर कोड मरतो, आणि लोकांनी पूर्वी तुमचे नाव घालून टाकलेल्या पोस्टवरून तुमच्यापर्यंत येता येत नाही. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. तारकर्लीजवळच्या एका न्याहारी-निवासाचे खाते माझ्याकडे सांभाळायला होते. मालकांच्या मुलाला जुने युजरनेम लांबलचक वाटत होते, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी ते छोटे, सुबक करून दिले आणि स्वतःवर खूश झालो. रस्त्यावरच्या फलकावर जुने नाव, छापलेल्या कार्डांवर जुने नाव, पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंखाली जुने नाव. दहा दिवसांत चौकशीचे संदेश जवळजवळ थांबले. मग दरवर्षी येणाऱ्या एका कुटुंबाचा फोन आला की तुम्ही बंद केलेत का. मालक माझ्याकडे आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, “बोर्ड तोच, घर ताच, मगे गिऱ्हाईका खंय गेली?” जुने युजरनेम बहुतेक वेळा चौदा दिवसांपर्यंत परत घेता येते, आणि तो अकरावा दिवस होता, म्हणून वाचलो. मुदत उलटली असती आणि ते नाव दुसऱ्या कोणी उचलले असते, तर डिसेंबरचा सगळा हंगाम त्याच्या दारात गेला असता.

तरीही उद्या तुम्हाला युजरनेम बदलायचेच झाले, तर ते पावसाळ्यात बदला, आंब्याच्या हंगामात नव्हे. आधी दोन आठवडे पोस्ट आणि स्टोरीतून सांगत राहा, बदलल्यावर बायोमध्ये निदान दोन महिने ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुने युजरनेम लिहून ठेवा, आणि छापील लेबले संपत आल्याशिवाय हात घालू नका. लेबलावर उत्पादक म्हणून जे नाव असते ते तुमच्या एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नोंदणीप्रमाणे असावे लागते. नोंदणी माहेरच्या नावाने आणि लेबल सासरच्या नावाने, असे करू नका. आधी नोंदणीत बदल, मग लेबल.

फेसबुकवर धंद्याचे वेगळे पेज असेल तर त्याचे नियम निराळे आहेत. पेजचे नाव बदलण्याची विनंती तपासली जाते, त्याला तीन दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि मंजूर झाल्यावर सात दिवस पुन्हा बदलता येत नाही. नव्या नावाने पेजचा विषयच बदलत असेल तर विनंती नाकारली जाऊ शकते. पेजच्या पारदर्शकतेच्या भागात नावांचा इतिहास कोणालाही वाचता येतो, आणि ही तुमच्यासारख्या प्रामाणिक विक्रेत्याच्या फायद्याची गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये ‘अस्सल देवगड हापूस’ नावाची पेजे उगवतात; इतिहास उघडला तर महिन्यापूर्वी तेच पेज मोबाइलची कव्हरे विकत असते. तुमच्या गिऱ्हाइकांना हे पाहायला शिकवा. आणि तुम्ही स्वतः पेजच्या नावात ‘हापूस’ घालणार असाल तर हे लक्षात ठेवा की कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते नाव मानांकनाखाली वापरण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. सासरची बाग असल्यास नोंदणी आहे का, हे आधी घरात विचारा.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. यूपीआयने पैसे पाठवताना देणाऱ्याला घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. ३० जून २०२५ पासून तर ॲपमध्ये कोणी हाताने ठेवलेले नाव न दाखवता बँकेतलेच दाखवावे असे बंधन आहे. तुमचे बँक खाते माहेरच्या नावाने आहे आणि इन्स्टाग्रामवर फक्त सासरचे नाव दिसते, असे झाले तर ठाण्यातले गिऱ्हाईक दोन डझनांच्या पेटीचे पैसे पाठवताना तिसरेच नाव पाहून थांबते. फसवणुकीच्या बातम्या वाचून माणसे सावध झाली आहेत आणि त्यात त्यांचे चुकत नाही. बँकेत नाव बदलेपर्यंत बायोमध्ये किंवा ऑर्डर घेताना एक ओळ लिहावी की पैसे भरताना अमुक नाव दिसेल, ते माझेच माहेरचे नाव आहे. मी खाती लावून देतो त्या सर्व बायांना ही ओळ तयार संदेशात घालून देतो.

व्हॉट्सॲपची चिंता नको. तेथे नाव पंचवीस अक्षरांत बसते, हवे तेव्हा बदलता येते, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांना त्यांनी लिहिलेले नावच दिसते. देवगडच्या नणंदेच्या फोनमध्ये तुम्ही ‘वहिनी’ असाल तर ‘वहिनी’च राहाल. लिंक्डइनवर पूर्वीच्या नावासाठी वेगळा रकाना असतो. यूट्यूबवर चॅनेलचे नाव आणि हँडल (तेथले युजरनेम) चौदा दिवसांत प्रत्येकी दोनदा बदलता येते. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) दिसणारे नाव पन्नास अक्षरांपर्यंत आणि हँडल पंधरा अक्षरांपर्यंत. निळी खूण असेल तर नाव बदलल्यावर ती तपासणी होईपर्यंत जाते.

नावाला हात लावण्यापूर्वी एक काम मात्र आजच करा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल चालू आहेत का, ते पाहा. लग्नानंतर मुली नवे सिम घेतात, माहेरचे जुने सिम वडिलांच्या नावावर कपाटात पडून राहते, रिचार्ज न केल्याने बंद होते, पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि नेमक्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो. माझ्याकडे अडकून आलेल्या लग्न झालेल्या मुलींच्या खात्यांमध्ये नावापेक्षा या सिमने अडवलेली जास्त आहेत. त्याच सुमारास ‘आपल्या नावातील बदलामुळे खाते चोवीस तासांत बंद होईल, येथे दाबा’ असा संदेश आला तर तो खोटा समजावा. फेसबुकचे जे काही म्हणणे असते ते सेटिंग्जमध्ये दिसते. चुकून पासवर्ड दिला गेला तर लगेच बदला, पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच अकाउंट सेंटरमध्ये (दोन्ही खात्यांच्या सामाईक सेटिंग्जमध्ये) जोडलेले असतील तर आणखी एक काळजी घ्या. नाव बदलण्याच्या पानावर आधी प्रोफाइल निवडावे लागते. तेथे वरचे छोटे चिन्ह न पाहता दाबल्यामुळे फेसबुकचे समजून इन्स्टाग्रामचे नाव बदललेल्या कितीतरी जणी येतात. दोन्हीकडचे नाव एकसारखे ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर तुम्ही तो बंद करा, कारण तुम्हाला दोन्हीकडे एकच नाव नको आहे.

१९ ऑगस्टला गडबड करू नका. एक दिवस जाऊ द्या आणि २० ला सकाळी शांतपणे बसा. नवऱ्याचे नव्हे, तुमचे स्वतःचे जे ओळखपत्र यापुढे चालणार आहे ते समोर ठेवा, आडनाव एकेक अक्षर पाहून टाइप करा आणि सेव्ह करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. त्या दिवशी प्रोफाइलचा फोटो बदलू नका. नाव बदलल्याची वेगळी सूचना फेसबुक मित्रांना देत नाही. अनोळखी आडनाव आणि अनोळखी फोटो एकदम दिसला की लोक यादीतून काढून टाकतात किंवा बनावट म्हणून तक्रार करतात. एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असलेल्या आपल्या मुलखात माणसे नाव वाचण्याआधी चेहरा पाहतात. माहेरच्या अंगणातला तुमचा जो फोटो आता आहे, तो निदान गणपतीला चाकरमानी येऊन परत जाईपर्यंत तसाच राहू द्या.